‘घरातच असतोय की!’

दवाखान्यात नवीन रुग्ण आला की नाव, वय, गाव लिहून झाल्यावर मी एक प्रश्न हमखास विचारतो, ‘‘काम काय करता?’’ पुरुष मंडळी चटकन उत्तर देतात. कोणी शेती सांगतो, कोणी साखर कारखान्यातली पाळी, कोणी इचलकरंजीचा माग. बायकांचे उत्तर मात्र गेली कित्येक वर्षे एकच आहे. ‘‘काय न्हाई ओ डॉक्टर, घरातच असतोय की!’’

हे उत्तर ऐकले की मी त्यांचे हात पाहतो. डाव्या तर्जनीवर सुईच्या टोचण्याचे काळे ठिपके असतात. कात्रीच्या कडीने अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडलेला असतो. कोणाच्या केसांत सुताची पांढरी तूस अडकलेली असते. म्हणजे बाई घरातच असते हे खरे, पण ‘काय न्हाई’ हे साफ खोटे! ती दिवसाला आठ-दहा तास काम करते. फक्त त्या कामाला ती स्वतः काम म्हणत नाही, घरातले म्हणत नाहीत आणि विम्याचा कागद तर मुळीच म्हणत नाही.

रोग्याला त्याचा धंदा विचारावा, ही शिकवण जुनी आहे. इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला वैद्य जे प्रश्न विचारतात त्यांत ‘तुझा व्यवसाय काय’ हा आणखी एक प्रश्न घालावा, असे त्याने सांगितले. तीनशे वर्षे उलटली. प्रश्न आम्ही विचारू लागलो, पण उत्तर अजून खरे मिळत नाही. आजचा लेख त्या खऱ्या उत्तराविषयी आहे.

घरून काम : जुनीच गोष्ट, नवे नाव

मार्च २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी झाली आणि पुण्या-बंगळूरची आमची मुले संगणक घेऊन गावी आली. माजघरात टेबल मांडून काम करू लागली. तेव्हापासून ‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्द कुरुंदवाडच्या कट्ट्यावरही रुळला. जणू काही ही गोष्ट अमेरिकेतून आली! वास्तविक आपल्या भागाला ती नवी नाही. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला. पुढे गल्लोगल्ली माग झाले, आणि मागाच्या भोवती जी शेकडो बारीक कामे असतात ती घराघरांत गेली. कांड्या भरणे, गाठी मारणे ही कामे पायरीवर बसून होऊ लागली. पलीकडे निपाणीला आणि तिकडे सोलापूरला हजारो बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळत आल्या. आमच्या गावात ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश, फॉल-पिको, काजे-बटण, पापड, शेवया, चटण्या हे सर्व घरूनच चालते.

तेव्हा घरून काम करणाऱ्यांत दोन जाती आहेत असे म्हणायला हरकत नाही. एकीला महिन्याचा पगार, कंपनीचा आरोग्य विमा आणि फिरती खुर्ची मिळते. दुसरीला नगावर पैसे मिळतात आणि बसायला लोखंडी स्टूल. परंतु आजार दोघींचे बरेचसे सारखेच आहेत, आणि विम्याच्या कागदातील भोकेही सारखीच आहेत.

मनगट, मान आणि फुप्फुस

दोन वर्षांपूर्वी एक भगिनी माझ्याकडे आल्या. रात्री दोन-अडीचला हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते, सकाळी चहाचा कप धरवत नाही, अशी तक्रार. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर. घरातल्यांनी ‘वात आहे’ म्हणून तेल चोळून पाहिले होते. हा वात नव्हता. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून हाताची एक मुख्य नस जाते. तीच ती हालचाल तासन्तास करून तेथील भाग सुजला की ती नस दबते. या बाई कापडाचे आठ-आठ थर एकावर एक ठेवून जुन्या, धार गेलेल्या कात्रीने कापत होत्या. औषधापेक्षा उपयोग झाला तो कात्रीला धार लावण्याचा, थर निम्मे करण्याचा आणि रात्री मनगटाला पट्टी बांधून झोपण्याचा. सर्वांनाच एवढ्यावर बरे वाटते असे नाही. मधुमेह किंवा थायरॉइडच्या आजारातही हेच लक्षण दिसते, म्हणून तपासणी करून घ्यावीच. काहींना शस्त्रक्रिया लागते. पण वेळीच आलात तर बहुधा ती वेळ टळते.

शिवणकाम करणाऱ्यांची दुसरी तक्रार मानेची आणि कमरेची. याचे कारण बहुतेक वेळा बसण्याची उंची हेच असते. मशीनचे टेबल साधारण कोपराच्या पातळीला यावे. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवावा. पाठीला टेका असलेली खुर्ची घ्यावी. स्टूल दाराशी आलेल्या पाहुण्याला द्यावे! उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजेड डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. वीज वाचवायला म्हणून मंद दिव्याखाली काळ्या कापडावर काळा दोरा ओवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. दिव्याचे वाचलेले पैसे पुढे चष्म्याला जातात.

संगणकवाल्या मुलांनाही हेच लागू. पलंगावर लोळून मांडीवर संगणक ठेवणे म्हणजे मानेला वर्षभराची शिक्षा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला असावी. त्यासाठी संगणकाखाली दोन जाड पुस्तके ठेवावीत आणि टंकनाचा फलक वेगळा घ्यावा. डोळ्यांसाठी एक सोपा नियम आहे. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहायचे. आमच्याकडे खिडकीतून समोरचा पिंपळ दिसतो, तेवढे पुरते.

सुताच्या आणि तंबाखूच्या कामात फुप्फुसाचा प्रश्न येतो. सूतगिरणीतील कामगारांना कापसाच्या धुळीने एक प्रकारचा दमा जडतो. आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होणे, हे त्याचे ओळखीचे लक्षण. घरात कांड्या भरणाऱ्या बाईला आठवड्याची सुट्टीच नसते, त्यामुळे ‘सुट्टीनंतर त्रास होतो का’ हे विचारण्याचीही सोय नाही! तिने नाकातोंडाला ओला रुमाल बांधावा, खिडकीपाशी बसावे आणि झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने तूस टिपावी. विड्या वळणाऱ्या घरात तंबाखू स्वयंपाकाच्या आणि झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. तंबाखूतील निकोटिन कातडीतूनही अंगात जाते. म्हणून लेकराला जवळ घेण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. कारखान्यातला कामगार धूळ कारखान्यात ठेवून घरी येतो. घरून काम करणाऱ्याची धूळ त्याच्या पोरांच्या ताटापर्यंत येते, हा यातला मोठा फरक आहे.

जास्त वेळ म्हणजे जास्त काम नव्हे

‘‘बसून राहिले तर नग कसे व्हायचे?’’ हा मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न. त्याचे उत्तर मी माझ्या पदरचे देत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमली होती. युद्ध चालू, तोफगोळ्यांची निकड, आणि कामगार आठवडेच्या आठवडे सुट्टीशिवाय राबत होते. अभ्यासात असे दिसले की अतिलांब पाळ्या कमी केल्या तरी उत्पादन त्या प्रमाणात घटत नाही. काही ठिकाणी तर ते वाढले. दमलेला हात चुका करतो, आणि चुकलेला नग उसवण्यात वेळ जातो. हे कुरुंदवाडच्या शिवणकाम करणाऱ्या कोणत्याही ताईला ठाऊक आहे. रात्री अकरानंतर घातलेली बाही सकाळी उसवावी लागते.

म्हणून माझा सल्ला असा. कामाचे तास ठरवा आणि ते घरातल्यांना सांगा. तासाभराने पाच मिनिटे उठा. पाणी प्या. लघवीला जावे लागते म्हणून पाणी न पिणाऱ्या बाया उन्हाळ्यात मूतखडा आणि लघवीची जळजळ घेऊन येतात. जेवण मशीनवर नको. आठवड्यातून एक दिवस मशीनवर कापड झाका आणि त्या दिवशी हात लावू नका.

यात घरातल्यांचाही वाटा आहे, आणि खरी अडचण तिथेच येते. घरून काम करणाऱ्या मुलाच्या खोलीत कोणी जात नाही. ‘मीटिंग चालू आहे’ म्हणून आजीसुद्धा टीव्हीचा आवाज कमी करते. सून मशीनवर बसली असली तर मात्र तिला दर दहा मिनिटांनी उठवायला कोणाला काही वाटत नाही. दूध ऊतू गेले, पाहुणे आले, पोराला शाळेतून आणायचे, सगळे तिनेच. ‘घरातच आहे की!’ हेच ते वाक्य, आता दुसऱ्याच्या तोंडून. दोघेही मिळवतात. मग एकाच्या कामाला दार आणि दुसरीच्या कामाला उंबरासुद्धा नसावा, हे मला पटत नाही.

२०१९ चा पूर आणि माझी फजिती

आता विम्याकडे वळतो. आरोग्याच्या सदरात विमा कशाला, असे काहींना वाटेल. त्याचे उत्तर मला ऑगस्ट २०१९ मध्ये मिळाले. कृष्णा-पंचगंगेचा तो पूर आपल्यापैकी कोणी विसरलेला नाही. २००५ चा पाहिला होता, म्हणून ‘तेवढ्यावरच येईल’ असा आमचा हिशेब होता. तो चुकला. पुढे २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले.

माझा दवाखाना माझ्याच घराच्या खालच्या खोल्यांत आहे. म्हणजे मीही घरूनच काम करणारा. घराचा विमा मी न चुकता भरत होतो आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. पाणी ओसरल्यावर पाहणी करायला माणूस आला. पलंग, कपाट, फ्रीज यांची नोंद त्याने केली. तपासणीचे टेबल, हृदयाचा आलेख काढण्याचे यंत्र, औषधांचे कपाट यांच्यापाशी आल्यावर त्याने शांतपणे सांगितले, ‘‘डॉक्टरसाहेब, हे घरसामान नव्हे, धंद्याचे साहित्य आहे. ते यात धरलेले नाही.’’ मी कागद वाचला. त्याचे म्हणणे बरोबर होते. चूक माझी होती. इतकी वर्षे हप्ता भरला, पण अर्ज भरताना घरात दवाखाना आहे हे ना मला लिहावेसे वाटले, ना कोणी मला विचारले.

आमच्या ओळखीच्या एका मागवाल्याची गोष्ट तर याहून विचित्र. त्याचा आगीचा विमा होता. जुन्या प्रकारच्या त्या विम्यात वादळ-पुराचे कलम वगळले तर हप्त्यात सूट मिळत असे. ती सूट त्याने घेतली होती. थोडे पैसे वाचले आणि माग पाण्यात गेले.

आणि ज्या भगिनीच्या मनगटाविषयी वर लिहिले, त्यांचे काय झाले? त्यांचा विमाच नव्हता. मशीन तर गंजलेच, शिवाय लग्नसराईसाठी आगाऊ घेतलेली गिऱ्हाइकांची कापडे चिखलात गेली. कोणी मोठ्या मनाने सोडून दिले, कोणी पैसे मागितले. त्या बाईंनी ते फेडले. कसे फेडले तर रोज तीन तास जास्त बसून. मनगटाचा आजार त्यातूनच सुरू झाला. म्हणून मी म्हणतो, विमा हा आरोग्याचाच विषय आहे. विमा नसला की नुकसान शरीरातून वसूल होते.

चार प्रश्न स्वतःला विचारा

विम्याचे एजंट बरेच काही सांगतात. मी फक्त चार प्रश्न सांगतो.

पहिला : मी आजारी पडलो तर दवाखान्याचे बिल कोण देईल? महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. तिचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा आणि ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. योजनेत ठरवून दिलेले उपचार आणि ठरलेली रुग्णालयेच धरलेली आहेत. म्हणून आपल्याजवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे हे आजारी पडण्यापूर्वीच विचारून ठेवा. रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतो, त्याला आधी भेटा. रेशनकार्डावर आणि आधारवर नाव सारखे आहे का, तेही पाहा. रात्री दोन वाजता स्पेलिंग दुरुस्त होत नाही.

नोकरी करून घरून काम करणाऱ्या मुलांना मी वेगळे सांगतो. कंपनीचा विमा नोकरीबरोबर येतो आणि नोकरीबरोबर जातो. चाळिशीत नोकरी गेली, त्याच वर्षी मधुमेह निघाला, तर नवीन विमा घेताना जुन्या आजारासाठी थांबावे लागते. हा थांबण्याचा काळ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३ वर्षांवर आणला आहे. पण ३ वर्षे हीसुद्धा ३ वर्षेच. तरुण आणि धडधाकट असतानाच स्वतःच्या नावाचा एक छोटा विमा घेऊन ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी काढला आहे, तेव्हा ‘कराचे ओझे’ ही सबबही उरलेली नाही.

दुसरा : अपघात झाला तर? पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे. वय १८ ते ७० असावे लागते. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख आणि एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी कायमची गेल्यास १ लाख मिळतात. आपल्या भागात सर्पदंश वारंवार होतो. तोही यात बसू शकतो, पण त्यासाठी रुग्णालयाची तातडीची नोंद लागते. आधी मांत्रिक आणि मग दवाखाना असे केलेत तर जीवही जातो आणि दावाही. मात्र एक लक्षात ठेवा. मशीनची सुई बोटातून आरपार गेली, हात मोडला, महिनाभर काम बंद राहिले आणि नंतर बरे झाले, तर या योजनेतून काही मिळत नाही. बुडालेल्या मजुरीसाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा असतो. त्यात आठवड्याला ठरावीक रक्कम देण्याची सोय आहे का, हे विचारून घ्यावे. ज्याचे पोट हातावर आहे त्याला हे कलम सर्वांत महत्त्वाचे.

तिसरा : मी गेलो तर? पंतप्रधान जीवनज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी वारसाला २ लाख मिळतात. १८ ते ५० वयात नाव घालता येते. नाव घातल्यापासून पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूच धरला जातो. या दोन्ही योजनांचे वर्ष १ जूनला सुरू होते आणि हप्ता मेच्या अखेरीस बँकेच्या खात्यातून आपोआप कापला जातो. पण नेमक्या मे महिन्यात लग्ने, शाळेची वह्या-पुस्तके आणि पेरणीची तयारी असते. खात्यात शंभर रुपये उरतात, हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो. घरात कोणालाच त्याचा पत्ता नसतो. तेव्हा २० मेपासून खात्यात निदान ५०० रुपये राहू द्या, आणि जूनमध्ये पासबुक भरून हप्ता कापल्याची ओळ डोळ्यांनी पाहा. वारस म्हणून कोणाचे नाव आहे तेही पाहा. लग्नापूर्वी काढलेल्या खात्यावर वारस म्हणून बापाचेच नाव राहिलेल्या कितीतरी बायका असतील.

चौथा : माझे मशीन, माझा माल बुडाला किंवा जळाला तर? १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने प्रमाणित विमे आणले. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि छोट्या धंद्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’. दोन्हींत पुराचे संरक्षण आहे. घरात काम चालत असेल तर माझ्यासारखे मौन पाळू नका. अर्जावर स्पष्ट लिहा की या खोलीत शिलाईची दोन मशीन आहेत, एवढ्या किमतीचा माल असतो. माल व्यापाऱ्याचा किंवा गिऱ्हाइकाचा असेल तर तसेही लिहून घ्या, कारण दुसऱ्याची वस्तू वेगळी नोंदवल्याशिवाय बहुधा धरली जात नाही. मशीनची पावती आणि फोटो पुण्याच्या भावाच्या फोनवरही असू द्या. पुरात ट्रंकेतली पावती मशीनबरोबरच भिजते.

आणखी एक खुलासा. ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम कार्डे निघाली. आपल्या भागात अनेकांनी ती काढली आणि ‘आपला विमा झाला’ असे समजून स्वस्थ बसले. ते नोंदणीचे कार्ड आहे, विम्याचे नव्हे. ते काढावे, जपून ठेवावे, पण त्याच्यावर विसंबून वरचे चार प्रश्न टाळू नयेत.

सव्वा रुपयाचा हिशेब

आता थोडे स्पष्ट बोलतो. हा सगळा भार त्या बाईनेच का वाहावा?

विड्यांच्या बाबतीत हा प्रश्न पूर्वीच विचारला गेला होता. १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला. त्यात घरी बसून विड्या वळणाऱ्यालाही कामगार मानले. कारखानदार न्यायालयात गेले, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. ओळखपत्र, दवाखाने, घरकुले अशा सोयी विडी कामगारांना मिळाल्या त्या या ओळखीतून आणि मोठ्या संघर्षातून. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिला गोदूताई परुळेकरांचे नाव दिले आहे. अर्थात सगळे आलबेल झाले असे नाही. पण ‘ही बाई कामगार आहे’ हे एकदा मान्य झाल्यावर पुढचे बोलणे सोपे झाले.

शिलाईच्या, कांड्यांच्या, पापडाच्या बायांना असे स्वतंत्र संरक्षण कधी मिळाले नाही. घरून काम करणाऱ्यांविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये एक करार केला, त्याला भारताने मान्यता दिलेली नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मात्र घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहिता लागू झाली. व्याख्येनुसार साधने मालकाने दिली असोत वा नसोत, मोबदल्यासाठी त्याच्याकरिता स्वतःच्या घरी माल तयार करणारी व्यक्ती ही कामगार होय. चांगली गोष्ट आहे. पण व्याख्येत नाव येणे आणि हातात विम्याचा कागद येणे यांत बरेच अंतर असते. सरकारी योजनेची वाट पाहत बसण्याइतका पूर थांबत नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे आणि ती आपल्याच भागातील व्यापारी मंडळींकडे आहे. वर सांगितलेल्या दोन्ही योजनांचा हप्ता मिळून वर्षाला ४५६ रुपये होतो, म्हणजे दिवसाला सव्वा रुपया. जो व्यापारी एखाद्या बाईला वर्षभर काम देतो त्याने हा सव्वा रुपया भरावा. मजुरीतून कापून नव्हे, मजुरीवर. शिवाय तिच्या घरी ठेवलेला आपला माल त्याने आपल्या विम्यात नोंदवावा. पुरात माल गेला तर भरपाई त्या बाईच्या मनगटातून नको.

यावर व्यापाऱ्यांचे म्हणणे मी ऐकले आहे. ‘‘डॉक्टर, त्या आमच्या कामगार नव्हेत. आज आमचे काम करतात, उद्या दुसऱ्याचे. आणि रेट इतका पडला आहे की आम्हालाच परवडत नाही.’’ यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. कापडाच्या धंद्याची अवस्था आपण पाहतोच. पण जागेचे भाडे, विजेचे बिल, दिव्याचा उजेड, पंख्याचा वारा, संडास-पाणी हे सर्व ती बाई आपल्या घरातून देते. कारखाना काढला असता तर हे सारे व्यापाऱ्याच्या अंगावर पडले असते. तिच्या घराने त्याचे एवढे पैसे वाचवले, त्यातला सव्वा रुपया परत देणे जड जाऊ नये. दोन-तीन व्यापाऱ्यांत कामे करणाऱ्या बायकांचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. बचत गटाने हप्ता भरावा आणि व्यापाऱ्यांनी नगाच्या हिशेबाने गटाला द्यावा. आपल्याकडे बचत गट आहेत, बँका आहेत, पतसंस्था आहेत. कमी आहे ती फक्त कोणी तरी सुरुवात करण्याची.

आणि भगिनींनाही एक सांगणे आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात, बँकेत किंवा जनगणनेच्या माणसाने ‘काम काय करता’ असे विचारले तर ‘घरातच असतोय’ म्हणू नका. ‘शिलाई काम करतोय’, ‘कांड्या भरतोय’, ‘पापड लाटतोय’ असे ठणकावून सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. तुमचा रोग ओळखायला मला त्याने मदत होईल आणि विम्याच्या अर्जावरचा रकानाही खरा भरला जाईल.

माझ्या स्वतःच्या नव्या विम्याच्या अर्जावर मी आता पहिल्याच ओळीत लिहिले आहे : ‘खालच्या दोन खोल्यांत दवाखाना’. तपासणीचे टेबल आणि यंत्र मात्र पावसाळ्याचे चार महिने वरच्या मजल्यावर नेऊन ठेवतो. विमा असला तरी कृष्णामाईचा भरवसा नाही!